चवरीच्या पाठीवरची जट

डाळज
शुक्रवार, दि. १६ जानेवारी १९९८

रतन वन्सं यांस म्हाळसाचा नमस्कार. आम्ही इकडे खुशाल आहोत. तुमची खुशाली तुम्ही कळवत नाही, म्हणून मी विचारत नाही.

निरोप धाडायचा तर माणूस बघून धाडावा. तुम्ही धाडला रामहरीच्या तोंडी. तो आठवडाभर तुमच्या माळेगावच्या कारखान्यात राबतो आणि सुट्टीला गावात आला की बोलायला माणसं हुडकत फिरतो. आज सकाळी डेअरीवर कॅनची रांग लागलेली, पंधरावीस माणसं उभी, आणि हा लांबूनच म्हणतो, "म्हाळसावैनी, रतनताईनं इचारलंय, आईचं मांजर जित्तं हाय, का तिचंबी देवस्थान केलं?"

सगळी हसली. आमच्या शेजारची तानूबाईसुद्धा हसली. मी दूध घातलं, फॅट बघायला थांबले नाही, घरी आले आणि पोरीच्या जुन्या वहीची पानं फाडून लिहायला बसले. चौथी शिकलेली बाई आहे, चुका काढू नका. तुम्हाला तशी सवय आहे.

सव्वादोन वर्षं झाली. भाऊबीजेला भावाला ओवाळायला आलात आणि न ओवाळता आत्याबाईंना, तुमच्या आईला, जीपमध्ये घालून घेऊन गेलात. त्यानंतरचा हा पहिला निरोप, तोही मांजराचा. भाऊ कसा आहे, एका शब्दानं नाही. भाऊ बरा आहे. मागच्या पावसाळ्यात लुनावरून पडले, गुडघा फुटला. मी लगेच तुमच्या नावानं बोंब ठोकली, की वन्संनी आत्याबाईंच्या जटेला कातर लावली, देवीची जट कापली, त्याचं हे फळ. तर तुमचे दादा म्हणाले, "गप बस. शेणावरनं चाक घसारलं, त्यात देवी कुठनं आली?" आणि उठून बाहेर गेले. हल्ली ते असंच करतात. विषय निघाला की चप्पल घालतात.

मांजर जिवंत आहे. ते सांगायला तुमची परवानगी नको. तुमची जीप निघाली तेव्हा चवरी तिच्या मागं हायवेच्या फाट्यापर्यंत पळाली, हे तुम्ही मागं वळून बघितलं नाही. मी बघितलं. ट्रकखाली जायची, पदरात धरून आणली तिला, हातावर सात ओरखडे घेऊन. दोन दिवस ती आत्याबाईंच्या घोंगडीवर बसून होती, दुधाला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी खाल्लं. मांजरं तेवढी तरी शहाणी असतात.

आता म्हातारी झाली आहे. चौदा वर्षं म्हणजे काय कमी झाली का? ट्रकवाल्यानं हॉटेलवर सोडलेलं ते लांब केसांचं पिल्लू आत्याबाईंनी आणलं तेव्हा माझी थोरली पाळण्यात होती. हिचं काम एकच, दिवसभर अंग चाटायचं. पाय डोक्याच्या वर नेऊन, शेपटी पुढं ओढून, असं चकचकीत करायची की आत्याबाई म्हणायच्या, "बघ म्हाळसा, हिला ना पाणी लागतं ना साबण, आन तुझ्या पोरींस्नी इसण घातल्याबिगर न्हाणं न्हाय."

तेच तिनं सोडलं. मागच्या पावसाळ्यापासून. आधी पाठ चाटायची सोडली, मग मागचे पाय, आता तोंडही पुसत नाही. खाल्लेलं हनुवटीला वाळतं. अंगावर कोंडा पडतो, वास येतो. फक्त पुढच्या उजव्या पायाचा सांधा तेवढा चाटत राहते, तिथं चाटून चाटून टक्कल पाडलं. नखं वाढली, चालताना फरशीवर टकटक वाजतात. मी म्हटलं, आळशी झाली, आयतं मिळतंय. चार वेळा झाडणीसुद्धा उगारली.

बाकी देवस्थान वगैरे काही नाही. रामहरीला तसं सांगा. आता धार काढायची वेळ झाली, उठते.

रविवार, १८ जानेवारी

पत्र टाकलं नाही. परवा शेवटी लिहिलं ते खोटं आहे.

डेअरीवर माणसं का हसली ते सांगते. तुम्हाला ते रामहरीकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. बुधवारी संक्रांत झाली. बायका वाणवसा घेऊन आल्या. चवरी उंबऱ्याशी उन्हात पडलेली. तिच्या पाठीवर केसांचा गुंता झालाय, कमरेपासून शेपटीच्या मुळापर्यंत, पावसात भिजलेल्या मेंढराची लोकर कशी थापटली जाते तसा, हातात धरला तर एकच तुकडा. तानूबाई वाकून बघायला गेली आणि तिथंच थांबली. म्हणाली, "अगं बया. म्हातारीची जट हिच्यावर उतरली." आणि ताटातलं हळदीकुंकू घेतलं आणि मांजराच्या पाठीवर लावलं. मग दुसरीनं लावलं. एकीनं तीळगूळ ठेवला. मांजर घाबरून आत पळायला बघतंय, पळता येईना.

तुम्ही म्हणाल, म्हाळसानं हात जोडले असतील. जोडले नाहीत. पण थांबवलंही नाही. वन्सं, त्या वेळी मला काय वाटलं ते लिहावं लागेल म्हणून परवा मी उठून धारेला गेले. मला बरं वाटलं. आता हिला साफ करायला नको, हिचा वास माझ्या अंगावर नाही, हे देवीचं काम, माझं नाही. असं सुटल्यासारखं वाटलं. आणि असं सुटल्यासारखं मला आधी एकदा वाटलं होतं, अगदी असंच.

बायका गेल्या. मी तिथंच बसले, तिच्याकडं बघत. तिच्या पाठीवर ओलं कुंकू, ते तिला नको होतं. तिनं मान वळवली. पाठीपर्यंत न्यायला बघितली. अर्ध्यात अडली. जीभ बाहेर आली आणि नुसती हवेत चाटली, दोनदा, तीनदा. मग तिनं हनुवटी जमिनीला टेकवली आणि डोळे मिटले.

दोन दिवस मी घरात धड बसले नाही. भाकरी करपली, धुण्याची बादली विहिरीवर विसरले. तुमचे दादा म्हणाले, काय झालंय तुला. मी म्हटलं, काही नाही, आणि काल तिला पाटीत घातलं, वर दुसरी पाटी बांधली आणि वडापच्या जीपनं भिगवणला गुरांच्या दवाखान्यात नेलं. तिथं गाई, म्हशी, एक शेळी, आणि मी मांजर घेऊन. एक म्हातारा म्हणाला, "बाई, हिचं दूध किती निघतंय?" मी म्हटलं, तुमच्या म्हशीपेक्षा जास्त.

डॉक्टर नवे आहेत, बुद्धघोष नाव, वयानं तुमच्या थोरल्याएवढे असतील. हसले नाहीत. पाठीवरचं हळदकुंकू बघितलं, त्यावरही बोलले नाहीत. तोंड उघडून बघितलं, आत दोन दात किडलेले, हिरडी सुजलेली. कंबर हळू दाबली तर ती असं ओरडली की म्हैस दचकली. मी सांगितलं, आळशी झाली आहे, अंग चाटत नाही, आयतं खाते. ते म्हणाले, "ताई, मांजर आळसानं चाटायचं सोडत न्हाय. तिला चाटायचंय. तोंडच तिथवर पोचत न्हाय."

पुढं म्हणाले, वयामुळं सांधे धरलेत, दात दुखतात. ज्या पायाला टक्कल पाडलंय त्याच सांध्यात ठणका असणार, म्हणून ती तिथं चाटते. सुई देऊन एक हलणारा दात काढला. नखं कापली. एक नख वाकून तळपायात शिरलं होतं, वन्सं. टकटक वाजतात म्हणून मी ओरडत होते तिला.

गुंता कसा काढायचा ते सांगायला लागले. ओढायचा नाही, म्हाताऱ्या मांजराचं कातडं कांद्याच्या पापुद्र्यासारखं असतं, गुंत्याबरोबर वर येतं आणि कापलं जातं. खाली फणी सरकवायची आणि फणीच्या वरून कापायचं, मग रोज थोडं विंचरायचं. मी म्हटलं, मला नका शिकवू, बापाच्या घरी शंभर मेंढरं कातरली आहेत मी. त्यांना बरं वाटलं. म्हणाले, "मग तुमी कळपवाल्या. मेंढराची लोकर अशी झाली असती तर किती दिवस ठेवली असती?"

मी म्हटलं, एक दिवसही नाही.

त्यांनी सहज विचारलं. काय विचारलं ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी पाटी उचलली आणि निघाले, गोळ्याची पुडी टेबलावर राहिली, कंपाउंडर मागं पळत आला.

सोमवार, १९ जानेवारी

आज सकाळी कातरली तिला. तुमच्या बापानं कळप विकून ऊस लावला तेव्हापासून ती मोठी कातर खुंटीला आहे, ती नाही घेतली, तिच्यानं मान तुटायची. शिवणाची घेतली. घोंगडीवर बसले, मांडीवर घेतली, खाली फणी घातली. दोन तास लागले. ती मध्येच चावली, पण दातच नाहीत धड. गुंता एकसंध निघाला, माझ्या तळहातापेक्षा मोठा, हळदीनं पिवळा झालेला.

त्याच्या खाली काय होतं ते लिहिते. कातडं लाल, ओलं. दोन ठिकाणी चिघळलेलं. पिसवा होत्या. संक्रांतीला वरून बायकांनी हळदकुंकू लावलं आणि खाली हे.

मग मला कळलं, तुम्ही माळेगावला नेऊन आत्याबाईंचे केस कापले तेव्हा खाली काय बघितलं असेल. तुम्ही ते कुणाला सांगितलं नाहीत. रामहरीलाही नाही, नाहीतर ते डेअरीवर आलं असतं. सव्वादोन वर्षं तुम्ही माझी ही एक गोष्ट झाकून ठेवलीत आणि मी गावभर सांगत फिरले, की वन्संनी देवीच्या जटेला हात लावला.

आता जे कधीच बोलले नाही ते लिहिते. मध्ये थांबवू नका, पुढं वाचा.

तुम्ही आत्याबाईंना नेलंत त्या वर्षीच्या चैत्रात त्यांचा उजवा खांदा धरला. त्यांनी सांगितलं नाही, पण मला दिसत होतं. दुपारी निंबाखाली बसून त्या केस विंचरायच्या, खोबरेल लावून, अंबाडा घालून, हे तुम्हाला माहीत आहे. ती फणी कानापर्यंत जायची आणि अडायची. मग त्या डाव्या हातानं उजवं कोपर वर ढकलायच्या. मग तेही सोडलं आणि पदर डोक्यावरून घट्ट घ्यायला लागल्या. मी बघत होते, जाता येता.

एकदा, एकदाच, मला म्हणाल्या, "म्हाळसा, जरा डोस्कं इंचरतीस का?" कांद्याच्या काढणीचे दिवस होते. दहा बायका रानात होत्या, त्यांच्या भाकरी डोक्यावर घेऊन मी निघालेले. मी थांबलेसुद्धा नाही. म्हटलं, "आता नट्टापट्टा करून कुणाला दावायचंय तुमाला?"

त्या हसल्या. पदर सारखा केला. पुन्हा विचारलं नाही.

तुम्हाला वाटत असेल, रागात बोलले असेन. राग नव्हता, वन्सं. घाई होती. मला कायम घाई असते. रागात बोलले असते तर संध्याकाळी वाईट तरी वाटलं असतं. मला आठवलंसुद्धा नाही. मग श्रावणात एकदा पदर घसरला आणि तानूबाईनं बघितलं. "देवी आली गं," म्हणाली आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवलं. मी चुलीपाशी उभी होते. मला ठाऊक होतं ते काय आहे. मेंढरं कातरलेल्या बाईला लोकर कशी थापटते ते कळत नाही का? खांदा धरलेला मी बघितला होता. तरी मी पुढं होऊन हात जोडले. कारण जट म्हटलं की विंचरायचं नसतं, धुवायचं नसतं, आणि सून चुकली असं कुणी म्हणत नाही. उलट मंगळवार-शुक्रवार बायका यायला लागल्या, ओटी भरायला लागल्या, मला "देवीच्या घरची" म्हणायला लागल्या. दोन महिन्यांत मला ते खरंच वाटायला लागलं. तुम्ही भाऊबीजेला आलात आणि म्हणालात, "वैनी, ही देवी न्हाय. ही तुझी लाज हाय, आईच्या डोस्क्यावर वाळत घातलेली." तेव्हा मी तुमच्या अंगावर धावून गेले. आजवर मला वाटत होतं की देवीसाठी धावले.

याच आत्याबाई, मी एकोणीस वर्षांची या घरात आले तेव्हा आणि पुढं तिन्ही बाळंतपणांत, माझं डोकं न्हाणीत स्वतः धुवायच्या. हे मी का लिहिलं मला माहीत नाही. लिहिलं तर राहू दे.

परत पाठवा असं म्हणत नाही. तेवढं तोंड मला नाही. रामहरी सांगतो, त्यांचे केस आता लहान आहेत, तुम्ही उन्हात खुर्ची टाकता, तुमची सून तेल लावते. बरं आहे. चवरी इथं राहील. आता तिला रोज विंचरणार आहे, सकाळी, धार काढायच्या आधी. आज पहिल्यांदा तिनं गोळी खाऊन पुढचा पंजा चाटला आणि तोंड पुसलं. हे आत्याबाईंना सांगा. हळदीचं सांगू नका.

पण एक गोष्ट मला पाहिजे आणि ती तुम्ही द्यायचीच. त्यांना विचारा. घरात कुणी नसेल तेव्हा, तुम्ही एकट्या. तानूबाईनं पायावर डोकं ठेवलं त्या दिवशी "ही जट न्हाय, माझा हात वर जात न्हाय" एवढं त्या का बोलल्या नाहीत? मी चुलीपाशी होते, त्यांनी तानूबाईच्या डोक्यावरून माझ्याकडं बघितलं होतं. बराच वेळ. देवी आली असं त्यांना खरंच वाटलं होतं का? की चार बायकांत सुनेची अब्रू जाईल म्हणून त्या गप्प राहिल्या?

पहिलं असेल तर मी सुटले. मला पहिलंच पाहिजे आहे, खोटं कशाला बोलू. पण दुसरं असेल तर दुसरंच लिहा. माझ्यावर दया करून गोड लिहाल तर मला कळेल, तुम्हाला गोड लिहिता येत नाही. आणि त्या म्हणाल्या की मला आठवत नाही, तर त्या ज्या शब्दांत म्हणतील ते शब्द लिहा, तुमचे नकोत.

हे पत्र मी स्वतः भिगवणच्या पेटीत टाकते. उत्तर पोस्टानं धाडा, रामहरीच्या हाती नाही. शुक्रवार, ३० तारखेच्या आत मला ते मिळालं पाहिजे. नाही आलं, तर शनिवारी पहिल्या गाडीनं बारामती, तिथून माळेगाव. तुम्ही सांगून गेला आहात की या जन्मी तुझं तोंड बघणार नाही. नका बघू. मी ओसरीवर पाठ करून बसेन. पण आत्याबाई काय म्हणाल्या ते ऐकल्याशिवाय उठणार नाही.

वहिनी म्हणून सही करायची की नाही ते कळत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिते.

म्हाळसा

शुक्रवार, ३० तारीख. त्याच्या पुढं एक दिवस मी थांबायची नाही.